राउटर चालूच होत नाहीये? आधी तो कुठे अडकतोय ते बघा

"दादा, रीसेट पण मारून बघितला, काहीच होईना." वळवाचा पाऊस सुरू झाला की हे वाक्य मला जवळपास रोज ऐकायला मिळतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या कऱ्हाड-पाटण पट्ट्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं, गडगडाट होतो, लाईट चारदा जाते-येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात राउटर घेऊन माणसं हजर. आणि येणारा प्रत्येक जण घरी एक गोष्ट नक्की करून आलेला असतो, ती म्हणजे मागच्या त्या बारीक भोकात टाचणी खुपसणं.

त्या टाचणीबद्दल आधी बोलतो. रीसेट बटण हा प्रोसेसरच्या एका पायाला जोडलेला साधा स्विच आहे. तो दाबलाय का हे बघायला आतलं सॉफ्टवेअर जागं असावं लागतं. जो राउटर बूटच होत नाहीये त्यात टाचणी घालून तुम्ही संध्याकाळपर्यंत बसलात तरी आत दखल घ्यायला कुणी नाही. आणि समजा तो अर्धवट चालू होत असेल, तर रीसेटने एवढंच होतं की पीपीपीओईचं (म्हणजे केबलवाल्याच्या नेटला लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड उडतं, मग नंतर नवा अडाप्टर लावून राउटर ठणठणीत झाला तरी नेट चालत नाही, कारण तो पासवर्ड असतो केबलवाल्याकडे आणि केबलवाला फोन उचलत नाही. तेव्हा रीसेट शेवटी. सगळ्यात शेवटी. (बूट होताना बटण दाबून धरायचा एक कामाचा प्रकार आहे, तो पुढे सांगतो, तो वेगळा.)

"चालू होत नाही" या एका तक्रारीत पाच-सहा वेगवेगळे आजार असतात. पिन लावल्यावर आत काय होतं ते थोडक्यात बघा. अडाप्टरचे १२ व्होल्ट, काहींत ९, काही छोट्यांत ५, बोर्डावर आले की बक कन्व्हर्टरच्या आयसी त्यातून ३.३ व्होल्ट बनवतात, रॅमसाठी १.८ किंवा १.५ बनवतात, आणि प्रोसेसरच्या कोअरसाठी १.१-१.२ च्या आसपास. हे स्थिर झालं की प्रोसेसरला ताल देणारा क्रिस्टल चालू, बहुतेक २५ किंवा ४० मेगाहर्ट्झचा, प्रोसेसर उठतो आणि आठ पायांच्या एका चिमुकल्या फ्लॅश चिपमधून बूटलोडर, म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम, वाचतो. घरच्या राउटरात हा बहुतेक करून यू-बूट असतो. तो रॅम सुरू करतो, फ्लॅशमधला लिनक्स कर्नल रॅममध्ये उलगडतो, आणि कर्नल मग लॅनचा स्विच, वायफाय, सेटिंगचं पेज वगैरे एकेक उठवतो. यातल्या कुठल्या पायरीवर थांबलंय ते कळलं की निम्मं काम झालं, आणि ते कळायला बऱ्याचदा बोर्ड उघडायचीही गरज पडत नाही, फक्त लाईट नीट बघायला लागतात.

म्हणजे कसं, एकही लाईट नाही, तर विषय पॉवरचा. पॉवरचा लाईट लागतो पण बाकी ढिम्म, तर तेवढ्यावरून खूश होऊ नका, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये तो लाईट थेट ३.३ व्होल्टच्या लाईनवर असतो, तो लागला याचा अर्थ ३.३ येतायत, बस. चारही लॅनचे लाईट एकदा लुकलुकले आणि मग सगळं शांत झालं, तर साधारणपणे स्विचचा भाग जिवंत आहे पण पुढे बूटलोडर किंवा फ्लॅशमध्ये गाडी अडलीये. आणि सगळ्यात जास्त येणारा प्रकार म्हणजे लूप. लाईट लागतात, अर्धा-पाऊण मिनिट सगळं नीट वाटतं, वायफायचा लाईट लागतो न लागतो तोच फट्, परत पहिल्यापासून. हा लूप बघितला की लोक म्हणतात फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) उडालं. माझ्या टेबलावर तरी असे बहुतेक राउटर अडाप्टर बदलला की सुटतात.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. बूट होताना सुरुवातीला फक्त प्रोसेसर आणि रॅम करंट खातात, वायफायचे रेडिओ बंद असतात. ते चालू झाले की करंट एकदम उडी मारतो. अडाप्टर दमलेला असेल तर त्याच क्षणी व्होल्टेज खाली बसतं, प्रोसेसर रीसेट होतो, रेडिओ बंद होतात, लोड कमी होतो, व्होल्टेज परत वर येतं, आणि मग तेच चक्र परत. म्हणजे लूप नेमका कुठे तुटतो त्यावर लक्ष ठेवा. दर वेळी वायफायच्या जवळपास तुटत असेल तर आधी अडाप्टरवर संशय घ्यायचा.

आणि इथे मल्टिमीटर फसवतो. मोकळ्या पिनला मीटर लावला तर १२.१ दाखवतो, माणूस म्हणतो अडाप्टर ओके आहे. अहो, मोकळा असताना तो दाखवणारच! लोड टाकून बघा. माझ्याकडे त्यासाठी बाईकच्या इंडिकेटरचा बल्ब आहे, १२ व्होल्ट १० वॅटचा, दोन वायरी सोल्डर केलेला. तो साधारण पाऊण अँपियरच्या वर ओढतो, म्हणजे १ अँपियरच्या अडाप्टरची परीक्षा घ्यायला एकदम बरोबर (अर्ध्या अँपियरच्या बिचाऱ्याला लावू नका, तो तसाही झोपणार). बल्बची तार थंड असताना क्षणभर जास्त करंट घेते त्यामुळे चांगला अडाप्टरही सुरुवातीला थोडा दचकतो, ते सोडून द्या, दोन सेकंदांनी काय होतं ते बघा. चांगला असेल तर मीटर ११.८-१२ वर शांत उभा राहतो. गेलेला असेल तर ८-९ वर येतो, किंवा बल्ब लुकलुक करायला लागतो, आणि अडाप्टर कानाजवळ धरला तर आतून टिक् टिक् असा बारीक आवाज येतो, म्हणजे तो ओव्हरलोड समजून बंद होतोय आणि परत प्रयत्न करतोय.

अडाप्टर उघडून बघितला तर कारण बहुतेक वेळा समोरच असतं. आउटपुटच्या बाजूचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, ४७० किंवा १००० मायक्रोफॅराड, १६ व्होल्टचा, डोक्यावर फुगलेला. कधी फुगलेला दिसतही नाही पण आतून सुकलेला असतो, त्याचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो आणि मग तो व्होल्टेजमधल्या लाटा दाबू शकत नाही. या लाटाही मीटरच्या डीसी रेंजवर दिसत नाहीत, मीटर सरासरी दाखवतो. एसी रेंज लावून बघतात काही जण, पण स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही भलताच आकडा दाखवतात, त्यामुळे तो उपाय मीटर बघून करा. कपॅसिटर लवकर जातात ते उष्णतेने. ढोबळ नियम असा की दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं. आणि आपल्याकडे अडाप्टर असतो कुठे, तर टीव्हीच्या मागे, सेट टॉप बॉक्सच्या अंगाला चिकटून, एक्स्टेंशन बोर्डात तिघांच्या मधे दाबलेला, त्यावर कुणीतरी शोभेची फुलं ठेवलेली. बदलताना १०५ अंशांचा, लो-ईएसआर (म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी) लिहिलेला कपॅसिटर घ्या. आणि अडाप्टर उघडत असाल तर लक्षात ठेवा की मेनच्या बाजूचा मोठा कपॅसिटर सॉकेटमधून काढल्यावरही काही वेळ तीनशे व्होल्टच्या आसपास धरून बसू शकतो. सवय नसेल तर सरळ नवा अडाप्टर घ्या, फार महाग नाही तो.

घरात पडलेला दुसरा अडाप्टर लावून बघताना व्होल्टेज तेच हवं, अँपियर जास्त असला तर चालतो, कमी नको. सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडाप्टर ५ व्होल्टच्या राउटरला लावून त्याचं जागेवर काम तमाम करून आणणारे दर सीझनला येतात. प्लग बसतो ना, मग झालं! प्लगचंही एक सांगतो, बाहेरून ५.५ मिलिमीटरचे दोन प्रकार येतात, आतलं भोक २.१ चं किंवा २.५ चं. २.५ वाला प्लग २.१ च्या पिनवर बसतो पण सैल बसतो, वायर हलली की राउटर बंद, आणि लोक याला सुद्धा फर्मवेअर म्हणतात. मिनी यूपीएसवर चालणाऱ्या राउटरचा लूप असेल तर यूपीएस काढून थेट अडाप्टरवर बघा, कारण स्वस्तातल्या काही मिनी यूपीएसमध्ये तीन सेल नुसते सिरीजमध्ये जोडलेले असतात, बॅटरी उतरली की आउटपुटही उतरतं.

अडाप्टर पास झाला, तरी राउटर मेलेला, तर पुढची स्टेप फुकटची आहे आणि कुणी करत नाही: सगळ्या केबल काढा. वॅन (बाहेरून येणारी नेटची), लॅन, यूएसबी, सगळ्या. फक्त पॉवर द्या. कितीतरी वेळा एवढ्याने राउटर उठतो.

याचं कारण वीज. गावाकडे, आणि शहरातही, अजून कितीतरी ठिकाणी कॅट फाइव्ह किंवा कॅट सिक्सची केबल या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबकळत गेलेली असते. वीज राउटरवर पडायची गरजच नाही, आसपास कुठेतरी पडली तरी त्या लांब तारेत दणका बसतो. इथरनेटच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतात, स्टँडर्डप्रमाणे ते १५०० व्होल्टचं आयसोलेशन देतात, पण विजेच्या दणक्यापुढे १५०० म्हणजे काहीच नाही. पोर्टमागचा फाय नावाचा भाग जळतो, आणि आजकाल तो बहुतेक स्विचच्या किंवा मेन चिपच्याच पोटात असतो. नशीब चांगलं असेल तर फक्त वॅन पोर्ट मरतो आणि बाकी राउटर चालतो, मग ओपन-डब्ल्यूआरटीसारखं फर्मवेअर चालत असेल तर एखाद्या लॅन पोर्टलाच वॅन करून काम भागवता येतं. नशीब वाईट असेल तर चिप आतून शॉर्ट होते, ३.३ व्होल्टची लाईन खाली ओढते आणि सगळाच कारभार बंद. फायबर आल्यापासून हा प्रकार कमी झालाय, काचेतून वीज येत नाही, पण ओएनयूपासून (फायबर घरात येऊन जिथे संपते तो डबा) राउटरपर्यंतचा तुकडा तांब्याचाच असतो आणि ओएनयूचा अडाप्टर पण त्याच लाईटवर, त्यामुळे अगदी निर्धास्त राहू नका.

आता बोर्ड उघडायची वेळ. स्क्रू रबराच्या पायाखाली किंवा स्टिकरखाली असतात, आणि कडेच्या खटक्या जुन्या एटीएम कार्डाने उघडतात. उघडल्यावर आधी नुसतं डोळ्यांनी बघा. हिरवट बुरशीसारखा गंज, काळा डाग, आणि हो, पाल. राउटर ऊबदार असतो, भिंतीवर असतो, मागे फटी असतात, पालीला आणखी काय हवं. अंडी घातलेले राउटर पाहिलेत मी. मुंग्यांचं वारूळ तर नेहमीचं. पालीच्या विष्ठेने आयसीचे दोन पाय एकमेकांना जोडले जातात आणि गंजतात, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केलं, नीट सुकवलं की बोर्ड परत चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मग मीटर बीपवर ठेवून पॉवर जॅकच्या दोन टोकांवर लावा. सतत बीप वाजला तर इनपुटलाच शॉर्ट. जॅकच्या शेजारी बऱ्याच बोर्डांवर एक टीव्हीएस डायोड असतो, जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होऊन पुढच्या मंडळींना वाचवतो. तो काढला की कधीकधी राउटर लगेच चालू होतो. (तसाच देऊ नका परत, त्याच रेटिंगचा नवा टाका, पुढच्या वळवाला लागेल.) इनपुटला शॉर्ट नसेल तर पॉवर देऊन एकेका कॉईलशेजारी व्होल्टेज मोजा. प्रत्येक बक कन्व्हर्टरजवळ एक कॉईल असते, काळी चौकोनी, तिच्या आउटपुटच्या बाजूला काळी प्रोब ग्राउंडला ठेवून मोजलं की ३.३ आहे का, १.५ आहे का, १.२ आहे का, दोन मिनिटांत कळतं. एखादी लाईन शून्य असेल आणि तिथे बक आयसी भाजत असेल, तर एकतर आयसी गेलीये नाहीतर पुढे कुणीतरी शॉर्ट आहे. शॉर्ट कुठे आहे ते शोधायची माझी आवडती पद्धत म्हणजे संशयित भागावर अल्कोहोल सोडायचं आणि पॉवर द्यायची, जिथलं सगळ्यात आधी उडतं तिथला पार्ट गरम होतोय. थर्मल कॅमेऱ्यावाले हसतील, हसू दे.

सगळे व्होल्टेज बरोबर आहेत आणि तरी राउटर गप्प, तर आता त्याचं म्हणणं ऐकायचं, म्हणजे सिरियल कन्सोल, बूट होताना राउटर जो मजकूर बाहेर लिहितो तो. बोर्डावर एका ओळीत चार भोकं किंवा चार पॅड दिसतात, तेच. ग्राउंड ओळखायचं ते बीपने, लॅन पोर्टच्या धातूच्या आवरणाशी किंवा जॅकच्या ग्राउंडशी जुळतं ते. पॉवर दिल्या दिल्या ज्या पिनवर ३.३ च्या आसपास व्होल्टेज नाचताना दिसतं ती ट्रान्समिट. ही पिन यूएसबी-सिरियल अडाप्टरच्या रिसीव्हला जोडायची, उलटसुलट, आणि व्हीसीसी (पॉवरची पिन) अजिबात जोडायची नाही, राउटरला त्याच्या अडाप्टरवरूनच पॉवर द्यायची. हा यूएसबी-सिरियल अडाप्टर ३.३ व्होल्ट टीटीएलवाला हवा, सीएच३४० किंवा सीपी२१०२ चा कुठलाही चालतो. ऑफिसातली सिस्कोची निळी कन्सोल केबल इथे लावू नका, ती आरएस-२३२ आहे, तिचं व्होल्टेज या पिनांना झेपत नाही. अजून एक, लॅपटॉप टू-पिन चार्जरवर असेल आणि घरात अर्थिंगची बोंब असेल तर धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, ती गळती याच वायरीतून बोर्डात जाऊ शकते, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर ठेवा आणि ग्राउंडची वायर आधी जोडा.

एफटीडीआयच्या (अशा यूएसबी-सिरियल चिप बनवणारी कंपनी) नावाने मिळणारी स्वस्त केबल घेताना जरा जपून. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीने विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला की नकली चिपचा यूएसबी प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकायचा, मग ती केबल कुठल्याच मशीनवर ओळखली जाईना. केवढी बोंबाबोंब झाली, शेवटी ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. तात्पर्य, कन्सोल कोरा दिसला तर आधी केबलवर संशय घ्या, ट्रान्समिट आणि रिसीव्ह एकमेकांना जोडून टाइप केलेलं परत दिसतंय का ते बघा, मग राउटरला नावं ठेवा.

स्पीड घरच्या राउटरात बहुतेक ११५२००, ८-एन-१, फ्लो कंट्रोल बंद. कचरा अक्षरं आली तर स्पीड चुकलाय, पण कचरा येणं ही चांगली बातमी आहे, प्रोसेसर जिवंत आहे. काहीच आलं नाही तर फ्लॅश, क्रिस्टल किंवा खुद्द प्रोसेसर. यू-बूटचं नाव दिसून रॅमच्या ओळीजवळ थांबलं तर रॅम किंवा तिचं व्होल्टेज. "बॅड डेटा सीआरसी" आलं तर फ्लॅशमधली इमेज खराब, म्हणजे खरंच फर्मवेअरचा प्रॉब्लेम, अपडेट चालू असताना लाईट गेली वगैरे. "कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग" आलं तर कर्नलपर्यंत सगळं ठीक आहे, फाइल सिस्टिम सापडली नाही किंवा तुटलीये. वायफाय ड्रायव्हरच्या ओळीवर दर वेळी रीसेट होत असेल तर परत अडाप्टर किंवा रेडिओ. आणि एक ओळ लोकांना उगाच घाबरवते, "बॅड सीआरसी, युझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट", ती कितीतरी धडधाकट राउटरमध्ये पहिल्या दिवसापासून येते, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

सोल्डरिंग जमत नसेल त्यांच्यासाठी एक मस्त युक्ती, वायरशार्क, म्हणजे केबलवरून काय बोलणं चाललंय ते दाखवणारं पीसीवरचं सॉफ्टवेअर. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये, जुना डब्ल्यूआर८४१एन किंवा आर्चर सी७ वगैरे, रीसेट दाबून धरून पॉवर दिली की बूटलोडर टीएफटीपीवर (नेटवर्कवरून फाइल आणायची एक साधी पद्धत) फाइल मागायला लागतो, आणि तो १९२.१६८.०.६६ हा पत्ता शोधतो. तुमच्या पीसीला हाच पत्ता हाताने द्या, लॅनला केबल लावा, वायरशार्क चालू करा आणि रीसेट धरून राउटर चालू करा. "१९२.१६८.०.६६ कोण आहे?" अशी एआरपीची विचारणा स्क्रीनवर दिसली की समजायचं प्रोसेसर, रॅम, बूटलोडर आणि स्विच हे चौघेही शाबूत आहेत, फक्त पुढचं फर्मवेअर गेलंय. कुठलं नाव मागतोय ते पण टीएफटीपीच्या रिक्वेस्टमध्ये दिसतं, काही मॉडेलात शेवटी टीपी अंडरस्कोर रिकव्हरी डॉट बिन असं असतं, त्याच नावाने पीसीवरच्या टीएफटीपी सर्व्हरमध्ये फाइल ठेवायची. पीसी आणि राउटरच्या मधे एक साधा लॅन स्विच टाका, नाहीतर राउटर चालू झाल्यावर विंडोजला लिंक पकडायला वेळ लागतो आणि तोपर्यंत बूटलोडर वाट बघून पुढे निघून गेलेला असतो. फायरवॉल बंद करा, यूडीपी ६९ तिथेच अडतं. मायक्रोटिकला हेच काम नेटइन्स्टॉलने होतं, असूसला रेस्क्यू मोड आहे, डी-लिंकच्या बऱ्याच राउटरात बूटलोडरमध्येच एक छोटं वेबपेज असतं. कंपनीगणिक बटण आणि पत्ता बदलतो, कल्पना तीच.

बूटलोडरच उडाला असेल तर मग फ्लॅश चिपवर क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने लिहायचं. यातला काळ्या बोर्डाचा स्वस्त प्रोग्रामर डेटाच्या लाईनवर ५ व्होल्ट देतो हे जगजाहीर आहे आणि फ्लॅश असते ३.३ ची, त्यामुळे ते आधी दुरुस्त करा किंवा दुसरा घ्या. काही लिहायच्या आधी जुनं वाचून ठेवा, दोनदा वाचा, दोन्ही फाइल जुळतायत का बघा. दुसऱ्या सेम मॉडेलचा डंप (फ्लॅशमधून वाचलेली पूर्ण फाइल) सरसकट लिहू नका, कारण फ्लॅशच्या एका कोपऱ्यात त्या त्या राउटरच्या वायफायचं फॅक्टरी कॅलिब्रेशन असतं, अ‍ॅथेरॉसच्या चिपच्या बोर्डात त्याला एआरटी म्हणतात. ते गेलं की राउटर बूट होईल, पण वायफाय एकतर उठणार नाही नाहीतर शेजारच्या खोलीतही पोचणार नाही.

ऑफिसच्या मोठ्या राउटरचं थोडं वेगळं असतं. तिथे कन्सोल बाहेरच दिलेला असतो, ९६०० स्पीडवर, आणि सिस्को असेल तर अडकल्यावर रोममॉनचा (सिस्कोच्या बूटलोडरचा) प्रॉम्प्ट येतो. तो आला म्हणजे बोर्ड बऱ्यापैकी ठीक आहे, आयओएसची (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम, आयफोनची नव्हे) इमेज सापडत नाहीये, फ्लॅश कार्ड सैल झालंय किंवा कॉन्फिग रजिस्टर (बूट कसं व्हायचं ते ठरवणारा आकडा) भलतंच आहे. यातली एक गंमत नेहमी घडते, राउटर बूट होतो पण कॉन्फिग सगळं कोरं. साहेब म्हणतात कॉन्फिग उडालं. उडालेलं नसतं, आधीच्या कुणीतरी पासवर्ड रिकव्हरीसाठी रजिस्टर २१४२ केलेलं असतं, ते परत २१०२ करायचं राहिलेलं असतं. २१४२ वर राउटर एनव्हीरॅममधलं, म्हणजे सेव्ह केलेलं, कॉन्फिग वाचतच नाही. मधल्या काळात राउटर कधी रीस्टार्टच झाला नाही, म्हणून कुणाला कळलं नाही.

आणि हीच खरी मेख आहे. चालू राउटर म्हणजे ठीक राउटर असं नसतं. घाटातल्या जुन्या जीपसारखं, चालतेय तोवर चालते, एकदा बंद केली की स्टार्टर घेत नाही. सिस्कोने मार्च २०१४ मध्ये जाहीरच सांगितलं होतं की २००५ ते २०१० च्या दरम्यान एकाच सप्लायरकडून घेतलेले मेमरी पार्ट काही प्रॉडक्टमध्ये खराब होतायत, चालू आहे तोवर काही कळत नाही, पॉवर बंद करून चालू केली की बूट होत नाही. त्यासाठी त्यांनी ६५.५ कोटी डॉलर बाजूला काढले होते. नंतर २०१७ च्या फेब्रुवारीत सिस्कोचंच क्लॉकचं (चिपांना ताल देणाऱ्या सिग्नलचं) प्रकरण निघालं. आयएसआर ४३२१, ४३३१, ४३५१, एएसए ५५०६-एक्स, मेराकी एमएक्स८४ अशा बऱ्याच मशिनी त्यात होत्या, साधारण १८ महिन्यांनंतर क्लॉकचा पार्ट जाऊ शकतो, आणि एकदा गेला की मशीन बंद, परत बूट नाही. सिस्कोने सप्लायरचं नाव घेतलं नाही, पण इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० च्या दोषांच्या यादीत त्याच वेळी एव्हीआर५४ नावाने एलपीसी क्लॉकचं आउटपुट बंद पडू शकतं असं आलं होतं, दोन आणि दोन चार करायला लोकांना वेळ लागला नाही. त्याच प्रोसेसरच्या काही सिनॉलॉजी नासवर (नेटवर्कवर फाइली साठवणारा डबा) लोकांनी एक रेझिस्टर सोल्डर करून मशिनी परत उठवल्या. असल्या मशीनला तुम्ही आयओएस परत टाका, रॅम बदला, फ्लॅश बदला, कन्सोलवर एक अक्षर येत नाही. म्हणून ऑफिसात यूपीएसचं काम निघालं आणि सगळं बंद करायचं ठरलं, तर आदल्या दिवशी कॉन्फिगचा बॅकअप घ्या, मॉडेल आणि सिरियल नंबर असल्या नोटिसांशी ताडून बघा, आणि तब्येत चांगली असतानाचा एक पूर्ण बूट लॉग सेव्ह करून ठेवा. बिघडल्यावर नवा लॉग त्याच्याशेजारी ठेवला की नेमकी कुठली ओळ आली नाही ते लगेच दिसतं. हे काम कुणी करत नाही आणि मग रात्री दोन वाजता मला फोन येतो.

सोडून कधी द्यायचं? माझा हिशोब साधा आहे. अडाप्टर, कपॅसिटर, टीव्हीएस डायोड, बक आयसी, फ्लॅश, इथपर्यंत दुरुस्ती परवडते. मेन प्रोसेसर किंवा रॅम गेली तर घरच्या राउटरला नव्याच्या किमतीएवढा वेळ जातो, त्याला हात लावू नका. फक्त भंगारात देताना एक लक्षात ठेवा, राउटर मेला तरी त्या आठ पायांच्या फ्लॅशमध्ये तुमचं वायफाय आणि पीपीपीओईचं पासवर्ड तसंच्या तसं असतं आणि क्लिप लावून ते कुणीही वाचू शकतो. मी देताना ती चिप उपसून काढून घेतो. तुमच्याकडे सोल्डरिंग गन नसेल तर पक्कड घ्या, चिप मोडून टाका, आणि केबलवाल्याला सांगून पीपीपीओईचा पासवर्ड बदलून घ्या. फोन उचलला तर.